सलाईनच्या बाटलीत नेमकं असतं काय?

पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक आग्रहही: "डॉक्टर, एक बाटली लावाच, अंगात त्राणच नाही." 500 मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये 4.5 ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली घेतली तरी 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी, एका पोळीएवढ्या. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टाकून ती पिवळी केली म्हणून तिच्यात ताकद येत नाही.

बरं वाटतं ते पाणी आणि क्षार भरून निघाल्यामुळे, आणि हे काम आतडं स्वतःही करू शकतं. कसं, ते फार सुंदर आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनेच आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला दुसरा पंप सोडियम सतत बाहेर काढत असतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, बाहेरचं सोडियम आत यायला बघतं आणि येताना ग्लुकोजलाही आणतं. त्यांच्यामागे परासरणाने पाणी जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये मांडली. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर काढतं, पण ही वाट मात्र उघडीच राहते.

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं.

आजच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्यात, लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल असतं. साखर फार वाढली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. म्हणूनच नावात 'ओआरएस' घालून गोड पेयं विकणं धोक्याचं होतं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला मनाई केली, ते योग्यच झालं.

रुग्ण ग्लानीत असेल, पिऊ शकत नसेल, उलट्या थांबत नसतील तर सलाईनच हवं. तिथे वेळ घालवू नये. पण गरज नसताना लावलेल्या प्रत्येक बाटलीमागे नळीचा सेट, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) आणि सुई खर्ची पडते. शिरेतून जंतुसंसर्गाचा धोका असतो तो वेगळाच. वापरलेला सेट लाल पिशवीत जातो, सुई पांढऱ्या डब्यात. मग गाडीने प्रक्रिया केंद्रात नेऊन, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्या प्लास्टिकचे तुकडे करावे लागतात.