कोपराच्या अस्थिभंगानंतरचे दूरस्थ पुनर्वसन

कोपराचे हाड मोडल्यावर प्लास्टर निघाले किंवा शस्त्रक्रियेची जखम भरत आली, की हाताची गेलेली हालचाल परत मिळवावी लागते. हे काम रुग्णाने घरी करायचे आणि फिजिओथेरपिस्टने किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञाने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) व्हिडिओ कॉल, फोन, छायाचित्रे व संदेश यांच्या आधारे लांबून चालवायचे, या पद्धतीला दूरस्थ पुनर्वसन म्हणतात. सारे उपचार लांबूनच झाले असे क्वचित घडते. बहुधा पहिली तपासणी, एक्स-रे आणि टाके काढणे दवाखान्यात होते व मधले आठवडे मोबाइलच्या पडद्यावर जातात.

कोपर हा वरवर साधा दिसणारा सांधा आहे. दंडाचे हाड ह्युमरस आणि पुढच्या हातातील अल्ना व रेडियस ही तीन हाडे एकाच वेष्टनात एकत्र येतात. त्यामुळे इथे दोन प्रकारच्या हालचाली होतात : हात बिजागरीसारखा वाकतो व सरळ होतो, आणि तळवा वर-खाली फिरतो. प्रौढांत रेडियसच्या डोक्याचा अस्थिभंग सर्वांत जास्त आढळतो. तो बहुधा पडताना हात पुढे टेकल्याने होतो. कोपराचे टोक थेट आपटले तर अल्नाचा वरचा भाग तुटतो, आणि ह्युमरसच्या खालच्या टोकाचे तुकडे झाले तर प्लेट बसवावी लागते. मुलांत, विशेषतः पाच ते सात वर्षांच्या वयात, कोपराच्या किंचित वर हाड मोडते. मात्र बहुतेक मुले खेळता खेळता काही महिन्यांत हालचाल आपोआप मिळवतात, त्यांना ठरवून व्यायाम देण्याची गरज क्वचितच पडते. पुढील विवेचन म्हणून मुख्यतः प्रौढांविषयी आहे.

कोपर ‘धरते’, म्हणजे आखडते, फार लवकर. वेष्टन जाड होऊन आकसते. सांध्याच्या अगदी पुढून जाणाऱ्या ब्रेकियालिस स्नायूत मार लागताना रक्त साचते, आणि कधी कधी त्या स्नायूत चक्क नवे हाड तयार होते. म्हणूनच जोड पक्का असेल तर हात दीर्घकाळ गळ्यात अडकवून ठेवण्याऐवजी हालचाल लवकर सुरू करण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो. रेडियसच्या डोक्याला नुसती चीर असेल तर काही दिवसांतच हात हलवायला सांगतात.

किती हालचाल परत आली म्हणजे पुरे? निरोगी कोपर शून्यापासून, म्हणजे हात पूर्ण सरळ असल्यापासून, साधारण १४० ते १५० अंशांपर्यंत वाकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मोरी व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजची कामे मोजून पाहिली व ३० ते १३० अंश वाकणे आणि तळवा दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास अंश फिरणे एवढ्यावर बहुतेक कामे निभावतात असा निष्कर्ष काढला. हा आकडा आजही सर्वत्र सांगितला जातो. २०११ च्या एका अभ्यासात मात्र मोबाइल कानाला लावायला १४० अंशांच्या वर वाकणे आणि कीबोर्डवर टंकायला तळवा सुमारे ६५ अंश खाली फिरणे लागते असे दिसले. मोरींच्या यादीतली कामे खुर्चीतून उठणे, दार उघडणे, काट्याने खाणे अशी होती. ओंजळीत तीर्थ घेणे, भाकरी थापणे, पंचा पिळणे, जमिनीवर हात टेकून उठणे ही आपल्याकडची कामे त्या यादीत नव्हती. उपचार ठरवताना रुग्णाला नेमके काय करायचे आहे, हे विचारूनच लक्ष्य ठेवावे लागते. घरातूनच कॉल चालू असल्याने ते काम तिथल्या तिथे करूनही दाखवता येते. ही सोय दवाखान्यात नाही.

लांबून मोजमाप करणे वाटते तितके अवघड नाही, पण त्यात चुका फार होतात. मोबाइल हातात धरून चालत नाही. तो कोपराच्या उंचीवर, हाताच्या अगदी काटकोनात टेकवून ठेवावा लागतो. कॅमेरा जरा तिरका झाला की सरळ न होणारे कोपरही सरळ भासते. बाही खांद्यापर्यंत वर हवी आणि उजेड समोरून हवा. सर्वांत वाकलेल्या व सर्वांत सरळ स्थितीचे स्थिरचित्र घेऊन त्यावर अंशमापकाच्या रेषा ओढल्या, की दर आठवड्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. तळवा फिरण्याचा कोन पाहण्यासाठी मुठीत पेन्सिल उभी धरायला सांगतात व तिचा कल मोजतात. इथे रुग्ण नकळत फसवतो. कोपर फिरत नसले की खांदा उचलून धरतो, सरळ होत नसले की धडच मागे झुकवतो. त्यामुळे ‘कोपर बरगडीला चिकटलेले ठेवा, खांदा हलवू नका’ ही सूचना प्रत्येक कॉलमध्ये चार-पाच वेळा तरी ऐकू येते. बगलेत दुमडलेला टॉवेल धरायला सांगितला तर तो खाली पडताच चोरी पकडली जाते.

व्यायामांना साहित्य फारसे लागत नाही. उताणे झोपून दंड उभा धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या आधाराने कोपर वाकवायचे, मग सरळ करायचे. टेबलावर टॉवेलवर हात ठेवून पुढे सरकवायचा. लाटणे मुठीत उभे धरून हळूहळू दोन्हीकडे कलते करायचे. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा. दिवसाकाठी एकदाच घाम गाळून काही साधत नाही. बोटे, मनगट आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलते ठेवायचे असतात, कारण कोपराच्या नादात खांदा आखडून बसलेले रुग्ण कमी नाहीत. कोपराच्या टोकाचे हाड तारांनी बांधले असेल तर पहिले सुमारे सहा आठवडे जोर लावून हात सरळ करणे किंवा हातावर भार देऊन उठणे वर्ज्य असते. भारतीय बैठकीत वाढलेल्या माणसाला हे पाळणे जड जाते. तो सवयीने जमिनीवर हात टेकतोच.

या सांध्याला जबरदस्ती खपत नाही, ही गोष्ट दूरस्थ पद्धतीच्या पथ्यावर पडते. महाराष्ट्रात हाड मोडले की हाडवैद्याकडे जाऊन गरम तेलाने चोळून घेण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. कोपराच्या बाबतीत जोरात चोळणे आणि ओढून वाकवणे यामुळे स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो, हे भारतीय अस्थिरोगतज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हात सरळ व्हावा म्हणून पाण्याने भरलेली बादली उचलून फिरणे हाही असाच घरगुती सल्ला. ओझे पेलताना दंडाचा बेटकुळीचा स्नायू उलट घट्ट आवळतो. पडद्यापलीकडच्या तज्ज्ञाला रुग्णाचा हात ओढताच येत नाही, त्याला शब्दांनी आणि नजरेने काम भागवावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते कोपरापुरता हा दोष नसून गुण आहे.

तरीही काही गोष्टी हाताशिवाय कळत नाहीत. हालचाल थांबते तिथे सांधा रबरासारखा मऊ लागतो की दगडासारखा टणक, हे बोटांना कळते, कॅमेऱ्याला नाही. मऊ अटकाव व्यायामाने सुटू शकतो, टणक अटकावामागे हाड किंवा स्क्रू असू शकतो. मेयो क्लिनिकच्या कोपर गुणांकनात १०० पैकी वेदनेला ४५, रोजच्या कामांना २५, हालचालीला २० आणि स्थिरतेला १० गुण आहेत. पहिले तीन भाग घरबसल्या भरता येतात, स्थिरता मात्र हात लावूनच तपासावी लागते. करंगळी व अनामिकेत मुंग्या येणे, बोटे पांढुरकी किंवा निळसर पडणे, बोटे ताणताच असह्य कळ उठणे, जखमेतून पू येणे, ताप, तारेचे टोक त्वचेखाली टोचणे किंवा मिळवलेली हालचाल अचानक कमी होणे यांपैकी काहीही दिसले, की कॉल बंद करून रुग्णालयात जावे.

भारतात या पद्धतीला गती मिळाली ती कोविडच्या टाळेबंदीत. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होत्या. फिजिओथेरपिस्ट व व्यवसायोपचार तज्ज्ञ यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा कायदा २०२१ मध्ये झाला. या दोन्ही शाखांची भारतातली मुळे मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहेत. तिथे १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, ती आशियातील पहिली मानली जाते. हाजी अली येथील भौतिकोपचार व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ मधली. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेल्या शेतकऱ्याला आठवड्यातून तीनदा एसटीने तालुक्याला येणे परवडत नाही. तो दोन फेऱ्या करतो आणि तिसऱ्यापासून येणेच सोडतो. दूरस्थ पद्धतीचा खरा उपयोग अशांना आहे, पण चांगला मोबाइल आणि न तुटणारे नेटवर्क त्यांच्याकडेच कमी असते. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी किंवा नातू कॅमेरा धरायला नसेल, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेली दोन छायाचित्रे आणि एक फोन एवढ्यावर काम चालवावे लागते.

परिणामकारकतेचा सर्वांत भक्कम पुरावा कोपराचा नाही, गुडघ्याचा आहे. ऑस्ट्रेलियात गुडघा बदललेल्या रुग्णांवरील चाचणीत इंटरनेटद्वारे दिलेले उपचार प्रत्यक्ष उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. कोपराच्या तक्रारींची लांबून तपासणी किती विश्वासार्ह असते, हे तिथेच २०१२ च्या एका अगदी छोट्या अभ्यासात पाहिले गेले.

हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो, पण सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. वाकणे आधी येते. सरळ होण्यातले शेवटचे दहा-पंधरा अंश पुष्कळांचे कायमचे राहून जातात, आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. सहा महिने ते वर्ष प्रयत्न करूनही उपयोगी हालचाल आली नाही, तर आवळलेले वेष्टन शस्त्रक्रियेने सोडवतात. त्यानंतरचे पहिले दिवस मात्र व्हिडिओ कॉलवर सोपवत नाहीत.