आधी अंदाज, मग गुगल

पँटची चेन नेमकी कशी लागते? रोजच्या हाताळणीतली वस्तू आहे, त्यामुळे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असंच वाटतं. पण आकृती काढून कुणाला समजावायला बसलं की पेन थांबतं. चेनच्या प्रत्येक दाताला एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा असतो. वर-खाली सरकणारा रनर आतून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. वर ओढताना तो दोन्हीकडचे दात ठरावीक कोनातून एकमेकांजवळ आणतो आणि एकाचा उंचवटा समोरच्याच्या खळग्यात अडकवतो. खाली ओढताना त्याच रनरमधली छोटी पाचर त्यांना पुन्हा वेगळं करते.

येल विद्यापीठातल्या मॅथ्यू फिशर, मरिएल गोडू आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेच प्रश्न वापरले होते. काही जणांना सांगितलं, याचं स्पष्टीकरण इंटरनेटवर शोधा. बाकीच्यांना नेट न वापरता त्याच प्रश्नांचा विचार करायला सांगितलं. खरी परीक्षा यानंतर होती. दोन्ही गटांना अगदी वेगळ्या विषयांवरचे प्रश्न दाखवले, उदाहरणार्थ ‘ढगाळ रात्री जास्त उबदार का असतात?’ उत्तर द्यायचंच नव्हतं. नेटच्या मदतीशिवाय तुम्ही हे कितपत नीट समजावून सांगू शकाल, एवढाच अंदाज स्वतःविषयी द्यायचा होता. ज्यांनी आधी सर्च केलं होतं, त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. आता समोर आलेल्या विषयांबद्दल त्यांनी काहीही वाचलेलं नव्हतं, तरीही.

संशोधकांनी मग एकेक शंका तपासली. नेट न वापरणाऱ्यांना तोच मजकूर आयता वाचायला दिला, तरी फरक राहिला. म्हणजे हा परिणाम वाचण्याचा नव्हता, शोधण्याचा होता. सर्चचे निकाल असे गाळले की कामाचं उत्तर मिळूच नये. तरीही शोधणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढलेलाच. स्वतःच्या आयुष्याबद्दलचे, नेटवर सापडणं शक्यच नसलेले प्रश्न विचारले, तेव्हा मात्र तो वाढला नाही. एका प्रयोगात मेंदूची चित्रं दाखवून विचारलं, उत्तर देताना तुमचा मेंदू यातल्या कोणत्या चित्रासारखा दिसेल? शोधणाऱ्यांनी जास्त सक्रिय मेंदूचं चित्र निवडलं. (ढगाळ रात्रीचं उत्तर असं: दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते, ढग ती शोषतात आणि तिचा बराच भाग पुन्हा जमिनीकडे पाठवतात.)

सर्च इंजिनांमुळे स्मरणशक्ती कमी होते का, यावर भरपूर चर्चा होते. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती या प्रयोगांत दिसलेल्या गोष्टीची. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला सापडेल’ यांच्यातली सीमारेषा पुसट होत जाते, आणि ती पुसट झाल्याचं आपल्याला कळतही नाही.

स्मरणशक्तीच्या चर्चेला तोंड फुटलं ते २०११ साली. कोलंबिया विद्यापीठातल्या बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना ४० किरकोळ माहितीची विधानं संगणकावर टाइप करायला दिली होती. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, अशा धर्तीची. निम्म्यांना सांगितलं की हे सगळं सेव्ह होणार आहे. उरलेल्यांना सांगितलं, ते पुसलं जाणार आहे. पुसलं जाणार असं समजलेल्यांना जास्त आठवलं. ‘हे लक्षात ठेवा’ अशी स्पष्ट सूचना दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही! दुसऱ्या एका प्रयोगात विधान काय होतं यापेक्षा ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलंय, हेच लोकांना जास्त आठवलं.

या लेखावरून ‘गुगलमुळे मेंदू रिकामा होतोय’ असे मथळे जगभर झळकले. ते जरा घाईचे होते. २०१८ साली ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले २१ सामाजिक-शास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले आणि त्यातल्या १३ अभ्यासांचेच निष्कर्ष टिकले. अवघड प्रश्न ऐकताच लोकांच्या मनात संगणकाशी संबंधित शब्द येतात, असं दाखवणारा स्पॅरो यांचा प्रयोग न टिकलेल्यांत होता. शिवाय आठवणी बाहेर सोपवणं ही माणसाची जुनीच रीत आहे. स्पॅरो यांचे सहलेखक डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की एकत्र राहणारी माणसं आठवणी वाटून घेतात: विम्याचा हप्ता एकाला माहीत, नातेवाइकांचे वाढदिवस दुसऱ्याला. बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांना २०१५ साली याचा फायदाही दिसला. एक फाइल सेव्ह झाल्याची खात्री असेल, तर पुढच्या फाइलमधला मजकूर लोक जास्त चांगला शिकतात. म्हणजे ओझं उतरवल्याने जागा होते. फोन नंबर आणि रेल्वेचं वेळापत्रक आता पाठ राहत नाही, याचं दुःख करण्यात मला अर्थ वाटत नाही.

मग सगळंच बाहेर ठेवलं तर काय बिघडतं? ‘गुगलवर मिळतं ते पाठ कशाला करायचं’ हे वाक्य आता शाळेतली मुलंही म्हणतात. घोकंपट्टीने पिढ्यान्‌पिढ्या हैराण झालेल्या आपल्याकडे ते पटकन पटतंही. पण एक उदाहरण घेऊ. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून बनला, त्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. डायनासोरांचा अंतही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच झाला. यातली प्रत्येक गोष्ट काही सेकंदांत शोधता येते. पण ‘या दोन घटनांचा एकमेकांशी काही संबंध असेल का?’ हा प्रश्न सुचायचा, तर दोन्ही आकडे एकाच वेळी एकाच डोक्यात असावे लागतात. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला अशनी आणि दख्खनचे उद्रेक, यांतल्या कशाचा डायनासोरांच्या अंतात वाटा किती, हा भूशास्त्रातला मोठा वाद याच प्रश्नातून वाढला. घाटातून जाताना खिडकीबाहेरच्या कड्यांकडे बघून जिला हा प्रश्न पडतो, ती मुलगी पुढे काय सर्च करायचं ते जाणते. जिच्या डोक्यात यातलं काहीच नाही, तिच्या हातात तोच फोन असला तरी ती शोधणार काय?

आपली तात्पुरती स्मृती फार लहान असते. नवीन, सुट्या गोष्टी एका वेळी साधारण तीन-चारच तिच्यात मावतात. जुनी ओळख असलेल्या गोष्टी मात्र गठ्ठ्याने मावतात, कारण त्यांची जुळणी दीर्घकालीन स्मृतीत आधीच झालेली असते. पाढे, पावकी, निमकी तोंडावर असलेला माणूस हिशेब करताना गुणाकारात अडकत नाही. त्याचं लक्ष व्याजाचा दर योग्य आहे की नाही याकडे जाऊ शकतं. डोक्यात असलेलं ज्ञान विचाराला हात मोकळे करून देतं. फोनमधलं ज्ञान तिथून काढून आणेपर्यंत तीच तोकडी जागा व्यापतं.

दुसरी अडचण यंत्राच्या रचनेत आहे. सर्च इंजिन आपला प्रश्न समजून घेऊन जग धुंडाळायला निघतं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने जालावरची पानं आधीच वाचून, पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अवाढव्य शब्दसूची बनवून ठेवलेली असते. आपण विचारलं की त्या सूचीतून जुळणारी पानं निघतात आणि मग ती क्रमाने लावली जातात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य कल्पना या क्रमाबद्दलच होती: ज्या पानाकडे इतर वजनदार पानं दुवा देतात, ते पान वर. आता त्यात इतर असंख्य निकष मिसळले आहेत, शब्दांमागचा अर्थ ओळखण्याचे प्रयत्नही आहेत. तरी दोन गोष्टी टिकून आहेत. तुम्ही कोणते शब्द लिहिता यावर काय मिळेल ते बरंचसं ठरतं, आणि वर आलेल्या निकालावर आपण नको तितका विश्वास टाकतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या २००७ सालच्या अभ्यासात संशोधकांनी निकालांचा क्रम गुपचूप उलटा केला, तरी विद्यार्थी वरच्याच दुव्यांकडे वळत होते. भारतातही असा एक प्रयोग झाला आहे. २०१४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी अजून मत न ठरलेल्या २,१५० मतदारांना प्रयोगासाठी बनवलेलं सर्च इंजिन वापरायला दिलं. निकालांचा क्रम एका उमेदवाराच्या बाजूने झुकवला, की मतदारांचा कलही तिकडे सरकला.

सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष त्यानंतरचा आहे. ‘खात्री करायची असेल तर गुगल करून बघ’ हा सल्ला आपण सगळेच देतो. केविन ॲस्लेट आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच प्रयोगांत, खोट्या बातम्या सर्च करून तपासायला सांगितलेल्या लोकांचा त्या बातम्यांवरचा विश्वास उलट वाढला. असं का व्हावं? काही जण सर्चमध्ये त्या बातमीचाच मथळा जसाच्या तसा टाकत होते. खोटी बातमी पसरवणाऱ्यांनी घडवलेले शब्द दुसरं कोण वापरणार? त्यामुळे त्या शब्दांना जुळणारी पानंही बहुतेक त्याच गोटातली निघतात. अशा जागांना संशोधक ‘डेटा व्हॉइड’, म्हणजे माहितीची पोकळी, म्हणतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या काढ्याने मधुमेह मुळापासून जातो असा मेसेज येतो. त्या काढ्याचं नाव सर्च केलं, तर तो काढा विकणारेच भेटतात. ‘मधुमेह पूर्ण बरा होतो का’ असं विचारलं तर वाट वेगळीकडे जाते. पण तसं विचारायला मधुमेह हा काय प्रकारचा आजार आहे, याची थोडी तरी जाण आधी हवी.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. विद्यार्थी, आणि बरेच इतिहासकारही, समोरचं पान मन लावून वाचत बसले. नाव, बोधचिन्ह, मांडणी बघून फसले. तपासनीस लगेच ते पान सोडून नवीन टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतं ते पाहत. निकालांची यादी आली तरी पहिल्यावर झडप न घालता ते आधी खालपर्यंत नजर फिरवत. ही सवय शिकवता येण्यासारखी आहे.

मराठीत शोधणाऱ्यासाठी हे सगळं आणखी कठीण होतं. इंग्रजी विकिपीडियावर ६० लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. वाईतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आज जालावर मोफत वाचता येतो, ही मोठीच ठेव आहे. पण कालपरवाच्या विषयांवर मराठीत जागा मोकळीच असते, आणि मोकळी जागा कोण भरतं ते वर आलंच आहे. मराठीत चांगलं विज्ञान लिहिणं हे म्हणूनच माहिती-सुरक्षेचंही काम आहे, असं मी मानतो.

मग सर्च वापरावं कसं? शिकण्याच्या शास्त्राने इथे कामाची गोष्ट दाखवली आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र पालटलं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आठवण्याची धडपड स्मृती पक्की करते, आणि नेमकी तीच धडपड सर्चमुळे टळते.

गंमत म्हणजे धडपड अयशस्वी ठरली तरी चालते. नेट कॉर्नेल या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना एक शब्द दाखवून त्याचा जोडीदार शब्द ओळखायला लावला. अंदाज जवळजवळ नेहमी चुकायचा. मग बरोबर शब्द दाखवायचा. अंदाज न करता थेट जोडी बघणाऱ्यांपेक्षा चुकीचा अंदाज केलेल्यांना ती जास्त लक्षात राहिली. २०२१ साली सस्किया गीबल आणि सहकाऱ्यांनी हेच प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नावर, खुद्द गुगल वापरून, करून पाहिलं. आधी स्वतः प्रयत्न करून मग सर्च केलं की शिकलेलं जास्त टिकतं, विशेषतः ज्यांना विषयाची थोडी ओळख आधीपासून आहे त्यांच्यात.

वर्गात हे करायला काहीच खर्च येत नाही. बाईंनी प्रश्न फळ्यावर लिहावा, प्रत्येकाने दोन मिनिटांत वहीत आपला अंदाज लिहावा, मग फोन उघडावा आणि आपलं कुठे चुकलं ते त्याच पानावर खाली नोंदवावं. फक्त त्या वहीतल्या चुकीवर लाल शाईची फुली मारू नये. चुकलं की हसं होतं हे ज्या मुलाला माहीत आहे, तो अंदाज लिहायला धजावणार नाही. तो बाकाखाली फोन धरून उत्तर आधीच शोधून ठेवेल.