सेवदालिंका : स्थलांतरितांच्या वस्त्यांतील जतन आणि गायन

बॉस्निया-हर्झगोव्हिनातील शहरांत पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेलेल्या, बहुधा संथ लयीच्या प्रेमगीतांना सेवदालिंका म्हणतात. हा गीतप्रकार आणि तो ज्या मनःस्थितीतून उमटतो ती मनःस्थिती, दोन्हींना ‘सेवदाह’ हा एकच शब्द आहे. १९९२ ते १९९५ या काळातील युद्धाने तिथल्या २० लाखांहून अधिक माणसांना घराबाहेर काढले. त्यांतली पुष्कळ माणसे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, नॉर्वे, स्लोव्हेनिया, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत जाऊन राहिली. त्यांच्याबरोबर हे गाणेही गेले. परक्या मुलखात ते कोणी आणि कसे सांभाळले, आणि सांभाळताना त्याचा अर्थ कसा सरकला, याचा विचार या नोंदीत केला आहे.

‘सेवदाह’ हा शब्द तुर्की ‘सेवदा’वरून आला आणि तुर्कीत तो अरबी ‘सौदा’वरून. अरबी वैद्यकात सौदा म्हणजे काळे पित्त. ते वाढले की माणूस उदास होतो, कशात त्याचे मन लागत नाही. आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या दम, बलगम, सफरा, सौदा या चौकडीतला सौदा तो हाच, आणि उर्दू शायरीतला प्रेमाने वेडावलेला ‘सौदाई’ही याच घरचा. (बाजारातल्या सौद्याशी त्याचा गोंधळ करू नये.) बॉस्नियन भाषा स्लाव्ह कुळातली असली, तरी १४६३ नंतरच्या ऑटोमन अमलात फार्सी-अरबी शब्द तुर्कीमार्गे तिच्यात मुरले. सेवदालिंकेत प्रियकराला ‘दिलबेर’ म्हणतात, प्रेमात पडलेला तो ‘आशिक’, गुलाबाला ‘जुल’ म्हणजे आपला गुल, पहाटेला ‘सबाह’, वस्तीला ‘माहाला’. बुलबुल तर बुलबुलच. मराठी माणसाला हे गाणे पहिल्यांदा ऐकताना भाषा कळत नाही, तरी मधेच एखादा शब्द ओळख दाखवून जातो.

हे गाणे शहराचे आहे आणि त्यातही ठरावीक जागांचे. अंगणाच्या भिंतीआड कशिदा काढणारी मुलगी, गल्लीत रेंगाळणारा मुलगा, दोघांमध्ये ‘पेंजेर’ म्हणजे खिडकी आणि खिडकीला लाकडी जाळी. या भेटीगाठींना ‘आशिकोवान्ये’ म्हणत. सेवदालिंकेतली प्रेमकथा बहुतेक वेळा या खिडकीच्या पलीकडे जात नाही. आई नको म्हणते, मुलीला दुसरीकडे देतात, तो दूरदेशी जातो, कुणी झुरून मरते. राजधानी साराएव्होतल्या बेंबाशा या नदीकाठच्या जागेवरचे ‘काद या पोद्योह ना बेंबाशू’ घ्या : तो पांढरे कोकरू घेऊन फिरायला निघतो, सगळ्या मुली दारात उभ्या असतात, त्याची तेवढी जाळीच्या खिडकीत. एवढेच गाणे. पण त्यात बेंबाशा आहे. दुसऱ्या गाण्यांत मोस्तार, बान्या लुका, त्राव्निक, व्रबास नदी, अमुक बाग आणि तमुक गल्ली. जागांच्या नावांनी भरलेले हे गाणे जागा सोडून आलेल्या माणसांच्या तोंडी गेले, तेव्हा त्याचे काय झाले, हा मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

चालीबद्दल थोडे. जुन्या सेवदालिंकांत ‘राव्ना’, म्हणजे सपाट किंवा सरळ म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना ठोक्याचे बंधन नसते. गायक एखादे अक्षर लांबवतो, वळवतो, श्वासाला वाटेल तिथे सोडतो. साथीदाराने त्याच्या मागे जायचे असते. अनेक चालींत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यामधले मोठे अंतर ऐकू येते. भैरव ऐकलेल्या कानाला ते लगेच ओळखू येईल, मात्र स्वरांना वागवण्याची रीत पूर्ण वेगळी आहे. साथीला आधी लांब मानेचे ‘साझ’ हे तंतुवाद्य असे. १८७८ मध्ये बॉस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेल्यानंतर अकॉर्डियन आले आणि काही दशकांत सेवदालिंकेची साथ म्हणजे अकॉर्डियन असेच समीकरण झाले. १९४५ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ साराएव्होने या गाण्याला घराघरांत पोचवले. झाइम इमामोविच (१९२०–१९९४), साफेत इसोविच (१९३६–२००७), नादा मामुला, झेहरा देओविच हे त्या काळचे आवाज. हिम्झो पोलोविना (१९२७–१९८६) हे पेशाने मानसोपचाराचे डॉक्टर. ‘काळ्या पित्ता’च्या गाण्याला असा गायक मिळावा, यात मला एक खोल संगती दिसते. परदेशातल्या घराघरांत आजही सेवदालिंकेचे प्रमाण मानले जाते ते या पिढीचे रेडिओवरचे गाणे. त्याआधीचे साझवरचे गाणे फार थोड्यांच्या कानांवर आहे.

स्थलांतर मात्र १९९२ मध्ये सुरू झालेले नाही. १८७८ नंतर हजारो बॉस्नियन मुसलमान ऑटोमन प्रदेशात निघून गेले; त्यांचे वंशज आजच्या तुर्कस्तानात आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणी आणि बांधकामांवर मजुरी करायला अमेरिकेत गेलेल्यांनी १९०६ मध्ये शिकागोत ‘जेमियेतुल हायरिये’ ही परस्पर मदतीची संस्था काढली. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीने युगोस्लाव्हियाशी (बॉस्निया तेव्हा त्याचाच भाग होता) कामगारभरतीचा करार केला आणि ‘गास्तार्बायतर’ (पाहुणा कामगार) हा शब्द बॉस्नियातल्या गावोगावी रुळला. या कामगारांच्या क्लबांतून, शनिवार-रविवारच्या जेवणांतून, सुटीहून परतताना मोटारीत वाजणाऱ्या कॅसेटींतून सेवदालिंका जर्मनीत टिकली. पण त्यांना परत जायचे होते, निदान तसे ते म्हणत. त्यामुळे गाणे मुद्दाम जपण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला नाही.

न्यूयॉर्कची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरून प्रामुख्याने वीरगाथा ध्वनिमुद्रित केल्या. त्यांच्या संग्रहात हर्झगोव्हिनातल्या गात्स्को गावच्या बायकांनी म्हटलेली भावगीतेही होती. ती कागदावर स्वरबद्ध केली बेला बार्टोक यांनी. नाझींच्या सावलीतून निसटून १९४० मध्ये अमेरिकेत आलेले हे हंगेरियन संगीतकार त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात हे काम करत होते. घर सुटलेल्या माणसाने दुसऱ्याच देशातल्या बायकांच्या गळ्यातली एकेक हरकत कान देऊन लिहून काढली.

१९९२ नंतर जे आले ते निर्वासित होते. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठातले संगीत-मानवशास्त्रज्ञ स्वानिबोर पेतान आणि शेल स्किल्स्टाड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘आझ्रा’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. बॉस्नियन निर्वासित आणि नॉर्वेजियन विद्यार्थी यांचा एकत्र वाद्यवृंद उभा केला, एकमेकांची गाणी शिकून घेतली, निर्वासितांसमोर आणि मिश्र श्रोत्यांसमोरही गायली. निर्वासितांना केवळ मदत घेणारे न मानता त्यांच्याकडे देण्याजोगे काही आहे, असे त्यात गृहीत धरले होते. ज्याचे घर, कागदपत्रे आणि नोकरी सगळे गेले आहे, त्याला कोणी ‘तुझे गाणे मला शिकव’ म्हणणे याचे मोल पैशात होत नाही.

अमेरिकेत बॉस्नियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती सेंट लुइस शहरात आहे. तिथल्या बेव्हो मिल भागात त्यांची दुकाने, बेकऱ्या आणि कॉफीगृहे आली. साराएव्होच्या बाश्चार्शियातल्या ‘सेबिल्य’ या लाकडी पाणपोईची प्रतिकृतीही २०१३ मध्ये उभी राहिली. अशा वस्त्यांत सेवदालिंकेला तीन ठिकाणे असतात. पहिले म्हणजे ‘सियेलो’, घरगुती बैठक : कॉफी, नंतर कदाचित ब्रँडी, मग कुणीतरी गुणगुणायला लागते. दुसरे लग्न किंवा ‘झाबावा’ (नाचगाण्याची संध्याकाळ), तिथे कीबोर्ड आणि ध्वनिवर्धक असतात आणि तरुणांना नवी बाजारी लोकगीते हवी असतात. सेवदालिंकेला उशिरा, दमलेल्या घटकेला जागा मिळते. तिसरे सांस्कृतिक मंडळांचे रंगमंच, जिथे मुले जरीच्या बंड्या घालून लोकनृत्य करतात आणि मधे एखादी मुलगी ‘एमिना’ म्हणते. माझ्या मते या सगळ्यांत खरे जतन बैठकीत होते, कारण तिथे गाणे चुकत, अडत, एकमेकांना ओळ पुरवत चालते आणि शेजारी बसलेल्या पोराच्या कानात त्याच्या नकळत शिरते. रंगमंचावर ते पाठ झालेले असते.

‘एमिना’ची गोष्ट वेगळीच. ती लोकगीत मानली जाते, पण लिहिली १९०२ मध्ये मोस्तारचे सर्ब कवी आलेक्सा शांतिच यांनी, शेजारच्या मुसलमान मुलीवर. ‘क्राय तानाह्‌ना शाद्रवाना’ हे दुसरे लाडके गाणे मुळात जर्मन कवी हाइने यांच्या कवितेचे साफवेत-बेग बाशागिच यांनी केलेले रूपांतर. बेंबाशाच्या गाण्याची चाल साराएव्होच्या सेफार्दी (मूळच्या स्पेनमधल्या) ज्यूंच्या गाण्यांतही आढळते. रोमा वादकांशिवाय तर या परंपरेची कल्पनाच करता येत नाही. युद्धानंतर परदेशातल्या वस्त्या पुष्कळदा धर्म-राष्ट्रानुसार वेगळ्या झाल्या आणि सेवदालिंका ही बोस्नियाक, म्हणजे मुसलमान समाजाची खूण म्हणून पुढे आली. हे समजण्यासारखे आहे. ज्यांना पुसून टाकण्याचा प्रयत्न झाला त्यांनी आपली वस्तू घट्ट धरणे साहजिक आहे. तरीही गाण्यांचा इतिहास भिंतीपलीकडून आलेल्या हातांनी भरलेला आहे आणि परदेशातले कितीतरी जुने गायक-वादक ही वाटणी मानत नाहीत.

आता अर्थाच्या सरकण्याबद्दल. बान्या लुकाच्या एका पारंपरिक गाण्यात लातिफ-आगा मित्राबरोबर प्रवासाला निघाला आहे आणि विचारतो : सुलेमाना, तुला बान्या लुकाची हळहळ वाटते का, तिथल्या सहलींची, व्रबासकाठच्या संध्याकाळींची? गावात बसून हे गाणे म्हटले की ती एका जुन्या निरोपाची गोड आठवण असते. युद्धात बान्या लुकातून हाकलून दिलेल्या माणसाने स्वीडनमधल्या मालमोत किंवा सेंट लुइसमध्ये ते म्हटले की प्रश्न त्यालाच विचारलेला असतो. शब्द आणि चाल तीच राहते. पण ‘दिलबेर’ची जागा शहराने घेतलेली असते, खिडकीतली मुलगी आणि खिडकी यांत कशासाठी डोळे भरले हे सांगता येत नाही. अशा आतल्या ठसठशीला बॉस्नियन माणूस ‘देर्त’ म्हणतो. आपल्या ‘दर्द’चाच तो भाऊ.

हे सरकणे सर्वांत ठळक दिसते ते ‘श्तो ते नेमा’ (‘तू का नाहीस’) या गाण्यात. शब्द शांतिच यांचे, चाल साराएव्होच्या गायिका यद्रांका स्तोयाकोविच (१९५०–२०१६) यांची. त्या स्वतः ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जपानला गेल्या आणि वीसहून अधिक वर्षे तिथे राहून गात राहिल्या. पुढे बान्या लुकात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या कलाकार आयदा शेहोविच यांनी हेच नाव स्रेब्रेनित्सा इथल्या जुलै १९९५ मधल्या हत्याकांडाच्या फिरत्या स्मारकाला दिले. २००६ पासून दर ११ जुलैला वेगवेगळ्या शहरांतल्या चौकात लोक कॉफीचे छोटे कप मांडून त्यांत कॉफी ओतत आणि ती न पिता तशीच ठेवत. कप बॉस्नियन कुटुंबांनी दिलेले असत. २०२० मध्ये स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी इथे त्यांची संख्या ८,३७२ होती, बळींच्या संख्येइतकी. प्रियकराला विचारलेला प्रश्न मारल्या गेलेल्या नवऱ्यांना आणि मुलांना विचारला गेला, तोही न गाता.

जतनाच्या कामात एकट्या माणसांचा वाटा मोठा आहे. साराएव्होत जन्मलेल्या सेफार्दी गायिका फ्लोरी यागोदा (१९२३–२०२१) १९४१ मध्ये झाग्रेबहून स्प्लिटला पळताना आगगाडीत अकॉर्डियन वाजवत बसल्या, म्हणून कुणी कागद विचारले नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनियात राहून त्यांनी आजीची गाणी जपली आणि शिष्यांना दिली. २००२ मध्ये त्यांना तिथला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. ल्यिल्याना बटलर या एकेकाळच्या प्रसिद्ध गायिका जर्मनीत साफसफाईची कामे करत होत्या. त्यांना शोधून पुन्हा गायला लावले ते द्रागी शेस्तिच यांनी. त्यांनीच उभ्या केलेल्या ‘मोस्तार सेवदाह रियुनियन’ या वाद्यवृंदासोबत २००२ मध्ये बटलर यांच्या गाण्यांचा संग्रह निघाला. शेस्तिच स्वतः नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेले. म्हणजे आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या सेवदाहच्या नव्या लाटेचा एक झरा स्थलांतरितांच्याच घरातून निघाला, आणि तो उलटा बॉस्नियात वाहिला.

शिकवण्यातली अडचण भाषेची आहे. परदेशात जन्मलेल्या मुलांना घरातली बॉस्नियन येते, पण शंभर वर्षांपूर्वीचे तुर्की शब्द नाही. आईवडिलांनाही त्यांतले थोडेच माहीत असतात. त्यामुळे गाण्याआधी शब्द समजावून सांगणे हा शिकवणीचा भागच होऊन जातो. झाइम यांचे नातू दामिर इमामोविच (जन्म १९७८) यांनी कार्यशाळांतून हेच केले : जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवायची, कवितेचा अर्थ उलगडायचा, मग आवाज लावायचा. नक्कल करू नका, स्वतःच्या श्वासाने म्हणा, असा त्यांचा आग्रह. सगळ्यांना तो पटत नाही. साथीला गिटार आली, लय बदलली की ‘ही सेवदालिंका नव्हे’ म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक गावात आहेत. त्यांची बाजूही हलकी नाही. रेडिओवर ऐकलेला तो आवाज हेच ज्यांच्याकडे शिल्लक राहिलेले घर आहे, त्यांना त्यातली एक वीटही हललेली सोसत नाही.

२०२४ मध्ये युनेस्कोने सेवदालिंकेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, दामिर इमामोविच यांच्या गाण्यांचा एक संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन फोकवेज या ध्वनिमुद्रण संस्थेने काढला. साराएव्होत जन्मलेले आणि युद्धामुळे शिकागोत अडकून अमेरिकेतच राहिलेले लेखक आलेक्सांदर हेमोन यांच्या कादंबरीसोबत ऐकण्यासाठी तो केला होता. कादंबरीतला नायक पहिल्या महायुद्धात साराएव्होतून फेकला जातो आणि ताश्कंदमार्गे शांघायपर्यंत पोचतो. संग्रहात बॉस्नियन गाण्यांशेजारी सेफार्दी गाणी आहेत.