जनरल सुतियोसो आणि जकार्ता : एका कारकिर्दीची पार्श्वभूमी

इंडोनेशियाची राजधानी जकार्ताचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा महापौर नव्हे. या शहराला प्रांताचा दर्जा आहे आणि त्यातल्या पाच उपनगरांचे महापौर निवडून येत नाहीत, गव्हर्नरच त्यांना नेमतो. त्यामुळे त्याचे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारे. १९६६ ते २००७ अशी सलग ४१ वर्षे ही खुर्ची लष्करी जनरलांकडे होती. मरीन दलाचे अली सादिकिन पहिले, त्यांच्यानंतरचे पाच पायदळातले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या लष्करी राजवटीत सैन्याने देशाचे रक्षणही करायचे आणि कारभारही पाहायचा, असे अधिकृत धोरणच होते. निवृत्तीला आलेल्या जनरलला प्रांत मिळणे यात कुणाला नवल वाटत नसे. या मालिकेतले शेवटचे नाव म्हणजे सुतियोसो. जकार्तावासीयांचे ‘बांग योस’, म्हणजे योसदादा.

त्यांचा जन्म १९४४चा, मध्य जावातल्या सेमारांगचा. १९६८मध्ये लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि कमांडो दलात वाढले. १९७५मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले, त्याआधीच्या गुप्त मोहिमांत ते होते. पुढे बढत्या मिळत गेल्या आणि १९९६मध्ये ते राजधानीच्या लष्करी विभागाचे प्रमुख झाले.

त्याच वर्षीची २७ जुलैची सकाळ त्यांच्या कारकिर्दीतून वगळता येत नाही. विरोधी पीडीआय पक्षाच्या अध्यक्षपदावरून, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या कन्या मेगावती सुकार्नोपुत्री यांना सरकारने डाव रचून हटवले होते. पक्षाचे दिपोनेगोरो रस्त्यावरचे ५८ क्रमांकाचे कार्यालय मात्र त्यांच्या समर्थकांनी सोडले नव्हते. प्रतिस्पर्धी गटाच्या नावाखाली आलेल्या जमावाने त्या इमारतीवर हल्ला केला आणि शहरात दंगल उसळली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ५ मृत, १४९ जखमी आणि २३ बेपत्ता असा हिशेब मांडला. शहराच्या बंदोबस्ताची लष्करी जबाबदारी सुतियोसो यांच्याकडे होती. त्यांच्यावर दोष कधी सिद्ध झाला नाही, पण प्रश्नही कधी मिटला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९७मध्ये, ते गव्हर्नर झाले.

काही महिन्यांत रुपिया हे चलन कोसळले, मे १९९८मध्ये दंगलींत शहर जळले, सुहार्तो सत्तेवरून गेले. सुतियोसो मात्र राहिले. २००२मध्ये मुदत संपली तेव्हा गव्हर्नर प्रांतिक विधिमंडळ निवडत असे आणि राष्ट्राध्यक्षपदी खुद्द मेगावती होत्या. त्यांनी आपल्या पक्षाचे बळ सुतियोसो यांच्यामागे उभे केले. ज्यांनी १९९६मध्ये डोकी फोडून घेतली होती, त्या कार्यकर्त्यांना हे किती लागले असेल! सत्तेची गणिते काहीही असोत, मला हा त्या माणसांवरचा अन्यायच वाटतो.

पण दुसऱ्या मुदतीत त्यांनी केलेले कामही तितकेच खरे आहे. कोलंबियातल्या बोगोटाच्या धर्तीवर, १५ जानेवारी २००४ रोजी ब्लॉक एम ते कोटा हा सुमारे १३ किलोमीटरचा ‘ट्रान्सजकार्ता’ बसमार्ग सुरू झाला. आग्नेय आशियातली ही पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गावरची जलद बससेवा. रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका, पादचारी पुलावरून उतरत फलाटावर यायचे, तिकीट आधीच काढायचे आणि फलाटाच्या उंचीला असलेल्या दारातून थेट बसमध्ये पाऊल टाकायचे. सुदिरमान-तामरिन हा शहरातला सर्वांत प्रतिष्ठेचा रस्ता. त्यातलीच एक मार्गिका गेल्यामुळे मोटारवाले संतापले. गर्दीच्या वेळी मोटारीत किमान तिघे हवेत, हा जुना नियमही संध्याकाळपर्यंत वाढवला गेला. मग रस्त्याकडेला बोट वर करून उभी असलेली मुले आणि तान्ही बाळे कडेवर घेतलेल्या बायका पैसे घेऊन ‘तिसरे प्रवासी’ होऊ लागल्या. त्यांना ‘जोकी’ म्हणत. टीका झाली, सुतियोसो हटले नाहीत. २००७पर्यंत असे सात मार्ग झाले. पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर डिसेंबर २००६मध्ये जो प्रयोग सुरू झाला, त्याच्यामागेही बोगोटाचाच आदर्श होता. राखीव मार्गिका राखीव ठेवणे किती अवघड, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

हाच ठाम हात झोपड्या आणि फेरीवाल्यांवरही चालला. पुराने मात्र त्यांना दोनदा हरवले, २००२ आणि २००७मध्ये.

मे २००७मध्ये ते सिडनीच्या दौऱ्यावर होते. १९७५मध्ये तिमोरच्या बालिबो गावात मारल्या गेलेल्या पाच पत्रकारांपैकी एकाच्या मृत्यूची तिथे न्यायालयीन चौकशी चालू होती. साक्षीला बोलावण्यासाठी पोलीस थेट त्यांच्या हॉटेलच्या खोलीत शिरले. आपण बालिबोत नव्हतोच, असे सांगत ते दौरा अर्धवट टाकून परतले. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारप्रमुखांना माफी मागावी लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये मुदत संपली आणि जकार्ताचा पुढचा गव्हर्नर, फौझी बोवो, प्रथमच थेट जनतेच्या मतांनी निवडून आलेला होता. तो लष्करातला नव्हता.

राष्ट्राध्यक्ष होण्याची सुतियोसो यांची इच्छा फळाला आली नाही. पण २०१५मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी त्यांना राष्ट्रीय गुप्तचर संस्थेचे प्रमुख केले. मानवाधिकार संघटनांनी तिमोर आणि २७ जुलैची आठवण देत विरोध केला. संसदेने तरीही संमती दिली आणि सप्टेंबर २०१६पर्यंत ते त्या पदावर राहिले.