पक्षी झाडावर बसलाय आणि खाली येत नाहीये? सकाळचं वजन किती होतं?

आमच्याकडून हॅरिस हॉक (हातावर घेऊन शिकारीला उडवतात तो शिकारी पक्षी) घेतलेल्या, तो सांभाळायचा कोर्स केलेल्या किंवा नुसतं ग्लोव्ह आणि पर्च (पक्ष्याची बसायची दांडी) घेऊन गेलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. इंग्रजीतलं पत्रक आमच्याकडे आधीपासून आहे, पण इथे इंग्लंडमध्ये आता आमच्याकडे मराठी घरंही बरीच यायला लागलीत, मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला आमच्या मादीला हातावर घेतलेली मुलं मोठी होऊन स्वतःचा पक्षी मागायला येतात, आणि सोबत आई-बाबा, आजी यांचे प्रश्न असतात. त्यांना उत्तरं मराठीतच द्यावीत असं वाटलं.

सप्टेंबर संपत आला की फोन सुरू होतात. दादा, ओकच्या झाडावर जाऊन बसलाय, तास झाला शिट्टी मारतोय, मांस दाखवतोय, माझ्याकडे बघतो पण येत नाही, काय करू? आम्ही विचारतो, आज सकाळी वजन किती होतं? की पलीकडे शांतता. नाहीतर "परवा केलं होतं, सहाशे वीसच्या आसपास असेल". हे आसपासच सगळा घोटाळा करतं, आणि मग आमची पण संध्याकाळ जाते आणि तुमची पण, कारण सकाळचा आकडा माहीत नसेल तर पक्षी का येत नाही हे फोनवरून आम्हाला काय, कुणालाच सांगता येत नाही.

तुम्हाला कोर्समध्ये सांगितलेलंच आहे पण परत सांगतो. पक्षी तुमच्या हातावर येतो तो प्रेमाने नाही आणि शिस्तीने पण नाही. त्याला भूक असते, तुमच्या ग्लोव्हवर खायला मिळतं हे त्याला पक्कं माहीत असतं आणि तुमची भीती गेलेली असते, म्हणून येतो. पोट भरलेलं असेल तर त्याला झाडावर बसून ऊन खायचं असतं, त्यात त्याची काही चूक नाही. भूक आणि ताकद दोन्ही बरोबर असतात त्या वजनाला फ्लाइंग वेट म्हणतात. हॅरिसच्या नराचं ते साधारण ५६० ते ६५० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी असतं आणि मादीचं ८५० ते १००० च्या आसपास, पण तुमच्या पक्ष्याचं नक्की किती ते फक्त तुमची रोजच्या वजनाची वही सांगणार, आमची नाही. इथले जुने लोक अजून औंसात बोलतात. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. ६१० ग्रॅमच्या नराला २८ ग्रॅम म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला तीन किलोच्या वर. म्हणून आम्ही ग्रॅमचाच आग्रह धरतो.

आता खरी चूक सांगतो, जी दरवर्षी होते आणि चांगल्या, मन लावून करणाऱ्या लोकांकडून होते. नोकरी सोमवार ते शुक्रवार, डिसेंबरात चार वाजता अंधार, मग आठवडाभर पक्षी पर्चवर बसून राहतो, त्याला रोज दोन-तीन डे-ओल्ड चिक्स (कोंबडीची एक दिवसाची मेलेली पिल्लं) घातली जातात, वाईट वाटून कधी एखादं जास्तच. शुक्रवारी लक्षात येतं की उद्या उडवायचंय आणि काटा ६६० दाखवतोय. मग शुक्रवारी काहीच द्यायचं नाही, शनिवारी मित्र आलेत, त्यांची मुलं आलीत, फोटो काढायचेत, वजन थोडं जास्तच आहे पण चालेल म्हणून उडवायचा. तो गेला झाडावर. किंवा दुसऱ्या टोकाला, गुरुवारपासूनच बंद, आणि शनिवारी काट्यावर बरोबर ६१० येतं, तेच जे ऑक्टोबरात होतं. पण आकडा तोच असला तरी पक्षी तो नाहीये. ऑक्टोबरातला ६१० हा रोज उडून, रोज मोजून खाऊन आलेला होता. हा ६१० दोन दिवसांच्या उपाशी पोटी आलेला आहे, अंगात ताकद नाही, ससा दिसला तरी अर्ध्यात सोडतो, आणि ग्लोव्हवर आला की ओरडतो, हातातलं हिसकावतो, चेहऱ्याकडे झेपावतो. मग आम्हाला फोन येतो की पक्षी तापट निघाला, बदलून द्या. पक्षी तापट नसतो हो, तुम्ही त्याला शनिवारच्या हिशोबाने चालवताय आणि तो रोजच्या हिशोबाने जगतोय.

उडवायचं ते काटा सांगेल तेव्हा, पाहुणे आलेत म्हणून नाही.

आणि सीझनमध्ये आकडा हलतो, हे पण विसरायचं नाही. एक उदाहरण देतो, पक्षी आमचाच होता. नर, आला तेव्हा भरलेला ७०० ग्रॅम. रोज थोडं थोडं खाणं कमी करत, घाई न करता, ६१० वर तो क्रिअन्सवर (सरावाच्या लांब दोरीवर) पूर्ण अंतर लगेच यायला लागला, मग मोकळा उडवला. उडून उडून छातीचे स्नायू भरले, डिसेंबरपर्यंत ६३५ ला तो तितक्याच झपाट्याने यायचा. त्या वेळी आम्ही ६१० ला चिकटून राहिलो असतो तर त्याचे स्नायू जाळून तो आकडा गाठला असता. थंडी पडली की पक्षी अंग गरम ठेवण्यातच खूप खर्च करतो, त्यामुळे रात्री गोठणार असेल तर थोडं जास्तच द्या. एका ग्राहकाने मागच्या वर्षीचा आकडा भिंतीवर लिहून ठेवला होता आणि गोठवणाऱ्या आठवड्यात पण तोच धरला. पक्षी पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला, छातीचं हाड हाताला धारदार लागत होतं, असा बॉक्समधून आमच्याकडे आला. व्हेटकडे नेला, वाचला, पण त्याचा तो सीझन गेला. छातीच्या हाडाला रोज बोट लावून बघायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे आणि काट्याने सांगितलेलं खरं की खोटं ते लगेच कळतं.

वजन कधी आणि कसं करायचं तर रोज एकाच वेळी, कास्टिंग टाकल्यावर. कालच्या पिल्लांची पिसं, सशाचे केस यांची जी गोळी तो सकाळी तोंडातून टाकतो ती अजून पोटात असेल तर काटा चुकीचंच दाखवणार, आणि ती टाकायच्या आधी परत खायला घालणं तर अजिबात नको. क्रॉप (खाल्लेलं आधी साठतं ती गळ्यातली पिशवी) रिकामा आहे ना ते गळ्याखाली बघा. लीश आणि स्विव्हल (पक्षी बांधायची दोरी आणि तिची फिरती कडी) काढून ठेवा, किंवा ठेवायचे तर रोज ठेवा. हरवलेला पक्षी शोधायला लावतात तो जीपीएस ट्रान्समीटरच दहा-पंधरा ग्रॅमचा असतो, एक दिवस लावून आणि एक दिवस न लावता वजन केलं तर तुमच्या वहीला काही अर्थ उरत नाही. किचनचा काटा घेतलात तर तो मध्येच आपोआप बंद होणारा नसावा, आणि महिन्यातून एकदा ५०० ग्रॅमचं माप ठेवून तपासा. घरात चांगला डिजिटल काटा असेल तर आमच्याकडून नवा घेऊ नका, त्यावर टी-पर्च आम्ही बसवून देतो, तो घेऊन या. वही मात्र आमची घ्या, ती फुकट आहे. तारीख, वजन, हवा, काय खाल्लं, कसा आला एवढेच रकाने आहेत. ज्यांनी ती वही वर्षभर भरली त्यांचे फोन आम्हाला दुसऱ्या वर्षी क्वचित येतात.

आता घरच्यांचा प्रश्न, बहुतेक वेळा आजीचा. पक्ष्याला उपाशी ठेवता का? नाही. भरलेल्या वजनापेक्षा दहा-पंधरा टक्के खाली आणि अंगात पूर्ण ताकद, हे जंगलातल्या शिकारी पक्ष्याच्या रोजच्या जगण्यापेक्षा वेगळं नाही, तिथेही पोट भरलं की तो उडत नाही. आमच्याकडचे पक्षी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पिसं बदलतात तेव्हा त्यांना हवं तेवढं खायला मिळतं, वजन वर जातं, आम्ही त्यांना उडवायला जात नाही. हॅरिस नीट सांभाळला तर वीस वर्षांच्या वर जगतो. उपाशी ठेवलेला पक्षी वीस वर्षं कशी काढेल? शाकाहारी घरात फ्रीझरचा प्रश्न असतो आणि तो आम्ही हलका समजत नाही. पिल्लांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर ठेवा, आदल्या रात्री वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवून विरघळवा, मायक्रोवेव्ह नको. घरातल्या कुणाला हे सहन होणार नसेल तर आधीच मोकळेपणाने बोला, आम्ही अशा घरांना पक्षी देण्यापेक्षा महिन्यातून एकदा आमचे पक्षी उडवायला बोलावतो, काहीजण चार वर्षं तसे येतायत आणि खूश आहेत.

आम्ही पक्षी लगेच का देत नाही यावरून लोक रागावतात ते पण माहीत आहे. इंटरनेटवर मध्यम फोनच्या किमतीत हॅरिस मिळतो, मग तुमचा कोर्स कशाला, आणि ऑगस्टपर्यंत थांबायचं कशाला? एक म्हणजे लवकर आईबापांपासून काढलेलं पिल्लू माणसालाच आईबाप समजतं आणि खाणं मागत आयुष्यभर किंचाळतं. सेमी-डिटॅच्ड घरात शेजारी किती दिवस ऐकून घेतील? आमची पिल्लं साधारण सोळा आठवडे आईबापांजवळ राहतात. दुसरं म्हणजे आधी पक्षी आणि मग सामान असं कधीच जमत नाही, पहिल्या दिवसापासून काटा, पर्च, निवारा, अंघोळीचं भांडं सगळं तयार लागतं. आणि ज्यांना हिवाळ्यात आठवड्यातले चार-पाच दिवस उजेडात तासभर काढता येत नाही त्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. घरून काम करणारे, शिफ्टवाले, निवृत्त लोक यांचं छान जमतं. नवरा-बायको दोघं आलटून पालटून करत असतील तरी जमतं, फक्त वही एकच हवी.

कायद्याचं थोडक्यात. हॅरिस इथे ठेवायला लायसन्स लागत नाही, पण २००६ चा ॲनिमल वेलफेअर ॲक्ट लागू आहेच. बहिरी ससाणा म्हणजे पेरेग्रिनसारख्या जातींना कागदपत्रं लागतात, ती वेळ आली की आम्ही बसून भरून देतो. हॅरिस मूळचा अमेरिकेतला, त्यामुळे कंटाळा आला म्हणून इथे मोकळा सोडणं गुन्हा आहे. नको असेल तर आमच्याकडे परत आणा, काही विचारणार नाही. थंडीचं मात्र लक्षात ठेवा, ती उबदार प्रदेशातली जात आहे, गोठणाऱ्या रात्री उघड्यावर ठेवलं तर पंखांची टोकं सुजतात आणि पुढे ती गळून पडू शकतात. आमच्या शेडमध्ये अशा रात्रींसाठी बोर्डिंग आहे.

पुणे-नाशिककडून मेसेज येतात, भाऊ एक पक्षी पाठव, नाहीतर निदान जेसेस (पायातले चामड्याचे पट्टे) आणि हूड (डोळे झाकायची टोपी) पाठव, इथे शिक्रा मिळतोय. पाठवत नाही आणि पाठवणारही नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिक्रा, ससाणा, गरुड पकडणं गुन्हा आहे, आणि आमच्या मते बरोबरच आहे. मुघल दरबारात, भावनगरसारख्या संस्थानात ही कला होती, शिक्रा हातावर घेऊन लाव्याची शिकार व्हायची, हे सगळं खरं, आम्हालाही त्याचा अभिमान आहे, पण ते पक्षी रानातून धरलेले असत. इथले आमचे सगळे पिंजऱ्यात जन्मलेले आहेत. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनखात्याला कळवा. आणि हौस असेल तर हिवाळ्यात भिगवणजवळच्या कडबनवाडीच्या माळावर जा, हॅरियर हे शिकारी पक्षी गवतावरून इतके खाली तरंगत जातात की आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसते बघत बसलो होतो.

तर पक्षी झाडावर बसलाच आहे, आज वजन जास्त होतं हे पण कळलंय, आता काय? पळू नका, ओरडू नका, झाडाखाली पाच माणसं जमवू नका. एकट्याने उभं राहा, लुअर (दोरीला बांधलेलं खोटं भक्ष्य) फिरवा, ग्लोव्हवर अख्खी क्वेल (खाण्यासाठीचा मेलेला लावा) ठेवा, थोडं लांब जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. उडवताना पायात मधोमध चीर नसलेले फील्ड जेसेसच असायला हवेत, चीरवाले घरातले जेसेस राहून गेले असतील तर ते फांदीत अडकून पक्षी उलटा लटकतो, तसं असेल तर लगेच फोन करा, आम्ही हातातलं काम सोडून येतो. अंधार पडायला लागला तर तो शेवटी कुठल्या झाडावर बसला ते नीट बघून ठेवा आणि घरी जा. रात्री तो हलत नाही. पहाटे उजाडायच्या अर्धा तास आधी त्याच झाडाखाली ताजी क्वेल घेऊन उभे राहा, रात्रभरात वजन उतरलेलं असतं आणि पहिल्या उजेडात बहुतेक वेळा सरळ हातावर येतो. ट्रान्समीटर लावलेला असेल पण रिसीव्हर बंद पडला असेल तर आमचा एक उसना मिळतो, डिपॉझिट ठेवावं लागतं. सप्टेंबर ते मार्च शेड सकाळी सहाला उघडी असते. येताना वही आणा.