नंबर लॉक किट घेतलंत? सोल्डर तापवायच्या आधी हे वाचा

ह्या किटमध्ये मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्राम नाही, लॅपटॉपही लागत नाही. ४०१३ चे दोन आयसी आहेत, प्रत्येकात दोन डी फ्लिप-फ्लॉप (१ किंवा ० लक्षात ठेवणारे भाग) म्हणजे एकूण चार, आणि कोडचे आकडेही चारच. पहिल्याचा डी (आत येणारी पिन) कायम प्लसला जोडलेला, त्याचा क्यू (बाहेर जाणारी पिन) दुसऱ्याच्या डीला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असं पुढे. समजा कोड ७२९४ ठेवलात. ७ चं बटण पहिल्याच्या क्लॉकवर (ह्या पिनला प्लस मिळाला की डीवर जे असेल ते क्यूवर येतं), २ चं दुसऱ्याच्या, तर ७ दाबलं की पहिला चालू होतो, मग २ दाबलं की दुसरा त्याच्याकडून १ उचलतो, आणि ४ पर्यंत सगळं क्रमाने आलं तरच शेवटचा क्यू वर जातो, बीसी५४७ ट्रान्झिस्टर चालू, रिले (विजेवर चालणारा स्विच) खट्ट. उरलेली सहा बटणं थेट रिसेटला, म्हणजे दाबलं की चारही परत ०.

बटण दाबताना आतला पत्रा थरथरतो आणि एका दाबाचे बरेच पल्स (विजेचे ठोके) जातात. दाब मोजणाऱ्या, काउंटरवाल्या सर्किटमध्ये लोक ह्यानेच वैतागतात, इथे फरक पडत नाही, कारण १ परत उचलला तरी तो १च. फक्त एकच आकडा लागोपाठ दोनदा ठेवू नका, एका दाबात दोन्ही फ्लिप-फ्लॉप पुढे सरकतील.

आता ह्याची कमजोरी. बरोबर बटण चुकीच्या क्रमाने दाबलं तर काहीच पुसलं जात नाही! म्हणजे ज्याला चार आकडे कळले (घासलेल्या बटणांवरून कळतातच) त्याने तेच चार कुठल्याही क्रमाने चार वेळा फिरवून दाबले की लॉक उघडणारच. त्यामुळे अभ्यासाच्या कपाटाला लावा, दुकानाच्या गल्ल्याला नको. कोड बदलायला जंपर वायर दिल्यात, अधूनमधून बदलत जा.

प्रत्येक क्लॉकला आणि रिसेट लाईनला १० के (किलोओहम) रेझिस्टर ग्राउंडकडे हवाच, नाहीतर पिन अधांतरी राहते आणि नुसतं बोट जवळ नेलं तरी सर्किट वेड्यासारखं वागतं. रिलेवरच्या १एन४००७ डायोडची पट्टी प्लसकडे. अडॅप्टर १२ व्होल्टचा रेग्युलेटेडच घ्या, जुना ट्रान्सफॉर्मरवाला लोड नसताना १६-१७ सुद्धा देतो आणि ४०१३ ला १५ च्या वर द्यायचं नाही.

लॉक उघडलं की आपोआप बंद होत नाही, कोडात नसलेलं कुठलंही बटण दाबायचं, विसरलात तर सोलेनॉइड (रिलेवर चालणारा, कडी ओढणारा विद्युतचुंबक) चांगलाच तापतो. आणि लाईट गेली की कडी बंदच राहते, कोड दाबून उपयोग नाही, तेव्हा अडॅप्टरच्या वायरला समांतर एक सॉकेट बाहेर काढून ठेवा, १२ व्होल्टची बॅटरी लावून उघडता येईल.