ढोलीत सिमेंट भरण्यापासून ढोली कोरण्यापर्यंत : ट्री सर्जनच्या कामामागचा इतिहास

ब्रिटनमध्ये ट्री सर्जनचे, म्हणजे झाडांची छाटणी, तोडणी आणि निगा हाच पेशा असलेल्या माणसाचे, दोन दिवस सहसा सारखे जात नाहीत. एका दिवशी छपरावर झुकलेल्या बीच नावाच्या झाडाची फांदी दोरावरून तुकड्या-तुकड्याने खाली सोडायची, दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेचे वठलेले अ‍ॅशचे झाड पाडायचे. वादळ झाले तर मध्यरात्री उठून रस्ता मोकळा करायचा, आणि कधी करवतीला हातही न लावता झाडाखालची माती भुसभुशीत करायची. ही सगळी कामे या पेशाला एकदम चिकटलेली नाहीत. कुठे एखाद्या रोगाने काम वाढवले, कुठे वादळाने, तर कुठे जुनी समजूत खोटी ठरल्याने.

या पेशाला आजचे रूप मिळाले ते मात्र अमेरिकेत. जॉन डेव्ही हा १८४६ साली इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये जन्मलेला शेतावर वाढलेला माणूस. अमेरिकेत जाऊन तो ओहायोतल्या केंट गावी स्थिरावला. आजारी झाड तोडून टाकण्याऐवजी त्याच्यावर उपचार करावेत, हा त्याचा ध्यास होता. १९०१ मध्ये त्याने ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक छापले आणि १९०९ मध्ये त्याच्या कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्या काळातली उपचारपद्धती माणसाच्या दातांवरून सुचावी तशी होती : ढोलीतले कुजलेले लाकूड खरवडून काढायचे, आत सिमेंट भरायचे, फांदी बुंध्याशी अगदी सपाट कापायची आणि जखमेवर डांबर किंवा रंग फासायचा. हेतू चांगलाच होता. झाडाचे शरीर आतून कसे चालते, हे मात्र तेव्हा उमगलेले नव्हते.

ते उलगडले अ‍ॅलेक्स शायगो यांनी. अमेरिकेच्या वनखात्यातले हे शास्त्रज्ञ. एका माणसाला पेलणारी चेनसॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी साखळीची करवत, तोवर हाती आली होती. ती घेऊन शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरली आणि कूज आत कुठवर पसरते ते पाहिले. १९७७ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा : झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभारते, कुजलेला भाग आत कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. ढोली खरवडली की हीच भिंत फुटते. फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर कड्यात झाडाचा बचाव असतो, आणि सपाट कापले की तोही जातो. रंगाने कूज थांबत नाही. पाऊणशे वर्षांची उपचारपद्धती एका माणसाने पुराव्यानिशी मोडीत काढली. माझ्या मते या पेशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे. तेव्हापासून ‘कुठे कापायचे’ याच्या जोडीला ‘कुठे हात लावायचा नाही’ हेही कौशल्य ठरले.

ब्रिटनमध्ये याच सुमारास वेगळेच संकट होते. उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाबरोबर एल्म झाडांच्या रोगाची जहाल जात १९६० च्या दशकात तिथे पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. शेताच्या बांधाबांधावरची झाडे पाडायला माणसे हवी होती. अनेकांचे या धंद्यातले पहिले दिवस नुसते मेलेली एल्म पाडण्यात गेले. २०१२ पासून अ‍ॅशच्या वाट्याला तसेच दुखणे आले आहे. मेलेले अ‍ॅश फार ठिसूळ होते, त्यावर दोर लावून चढणे जिवावरचे असते. म्हणून हल्ली तिथे यंत्राने उंच उचललेल्या पाळण्यात उभे राहून काम करतात.

१५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधली सुमारे दीड कोटी झाडे आडवी केली. लंडनच्या क्यू उद्यानात १७९८ साली लावलेला टर्नर ओक होता, आधीच खंगलेला. वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. बाकीची पडझड आवरेपर्यंत त्याला टेकू देऊन ठेवले. तीन-एक वर्षांनी पाहतात तो काय, झाड पूर्वीपेक्षा जोमदार! येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी वर्षानुवर्षे घट्ट दाबली गेलेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती आणि मुळांना हवा-पाणी मिळू लागले होते. पुढे क्यूमधल्या झाडांची देखभाल पाहणारे टोनी कर्कहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबाच्या हवेने मुळांभोवतीची माती मोकळी करण्याची रीत क्यूमध्ये रुजवली. ट्री सर्जनच्या दिवसात जमिनीवरचे हे काम आले, त्यामागे हा ओकही आहे.

कायद्यांनीही दिवस बदलला. १९८१ च्या वन्यजीव कायद्यामुळे फांदीवर घरटे आहे का, ढोलीत वटवाघळे आहेत का, हे आधी बघावे लागते. उंचावर कोणी अडकले तर वर चढून त्याला उतरवणारा दुसरा माणूस खाली तयार लागतो. आणि वटवाघळांना, पक्ष्यांना जुन्या ढोल्या पुरत नाहीत म्हणून काही ठिकाणी ट्री सर्जन चेनसॉने धडधाकट झाडात मुद्दाम ढोली कोरतात. डेव्हीच्या माणसांनी सिमेंटने बुजवली, तीच ढोली!

आपल्याकडे महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा मान मिळाला. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले. कागदावर एवढे सगळे असताना मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर होणारी छाटणी ठेकेदाराच्या माणसांवर सोपवलेली असते, आणि बुंध्याशी सपाट कापलेल्या फांद्या रस्त्यारस्त्यावर दिसतात. शायगो यांनी जे चूक म्हणून दाखवले, तेच हे. पन्नास वर्षांच्या पिंपळावर कोणी चढावे, त्याने काय शिकलेले असावे आणि फांदी नेमकी कुठून कापावी, हे पालिकेच्या निविदेतच लिहिलेले असायला हवे. झाडावर चढणाऱ्या माणसाचा दोर, हेल्मेट आणि विमाही त्याच कागदावर हवा.